कळतं पण वळत नाही: ब्रेंडा मिल्नर यांची पत्त्यांची चाचणी

टेबलावर चार पत्ते मांडलेले असतात. एकावर एक लाल त्रिकोण, दुसऱ्यावर दोन हिरव्या चांदण्या, तिसऱ्यावर तीन पिवळ्या फुल्या आणि चौथ्यावर चार निळी वर्तुळं. रुग्णाच्या हातात पत्त्यांची जुडी दिली जाते. एकेक पत्ता काढायचा आणि या चारांपैकी ज्याच्याशी तो जुळतो असं वाटेल त्याच्याखाली ठेवायचा. जुळवायचं कशावरून, ते कोणी सांगत नाही. समोर बसलेला परीक्षक प्रत्येक पत्त्यानंतर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढंच म्हणतो.

समजा, दोन लाल फुल्यांचा पत्ता आला. रंग धरला तर तो लाल त्रिकोणाखाली जाईल, आकार धरला तर पिवळ्या फुल्यांखाली, संख्या धरली तर हिरव्या चांदण्यांखाली. सुरुवातीला रंग हा नियम असतो. लागोपाठ दहा पत्ते रंगाप्रमाणे नीट लागले की परीक्षक काही न बोलता नियम बदलतो. आतापर्यंत ‘बरोबर’ ठरणारी जागा अचानक ‘चूक’ ठरू लागते, कारण आता आकार जुळवायचा असतो. त्यानंतर संख्या, मग पुन्हा रंग, आकार, संख्या. सहा टप्पे पार पडले किंवा 128 पत्ते संपले की चाचणी थांबते.

नियम बदलल्यावर ठणठणीत माणूस गोंधळतो, दोन-तीनदा चुकतो, कधी वैतागतोही, पण लगेच दुसरं काहीतरी करून बघतो. माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमधल्या काही रुग्णांना हे जमत नव्हतं. फिट्स थांबाव्यात म्हणून त्यांच्या मेंदूचा पुढचा, कपाळामागचा भाग, म्हणजे फ्रंटल लोबचा एक हिस्सा, शस्त्रक्रियेनं काढलेला होता. पहिला नियम त्यांना सापडायचा. तो बदलला की ‘चूक’ ऐकूनही ते पुढचा पत्ता त्याच जागी ठेवत, त्याच्या पुढचाही तिथेच. त्यातले काही जण तर स्वतःच बोलून दाखवत की जुळवणी रंगावरून असेल, आकारावरून असेल, नाहीतर संख्येवरून. तोंडानं हे म्हणत असतानाच हात मात्र जुन्याच जागी जायचा.

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी हा अभ्यास 1963 साली ‘आर्काइव्ह्ज ऑफ न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. आज ज्याला आपण एक्झिक्युटिव्ह कंट्रोल किंवा कार्यकारी नियंत्रण म्हणतो, म्हणजे परिस्थिती बघून आपल्या कृतीला वळण देण्याची क्षमता, त्याच्या संशोधनात हा लेख पायाचा मानला जातो. मेंदूला मार लागलेल्या रुग्णांच्या अशाच चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम आहे. म्हणून या प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक साधा प्रश्न: हे मिल्नर यांनाच कसं दिसलं? पत्ते त्यांनी बनवलेले नव्हते. फ्रंटल लोब काढलेले रुग्ण त्या काळात जगभर होते. त्यांच्यावर लिहिणारे डॉक्टरही कमी नव्हते. मग चुकांमधली ही खूण त्यांच्याच नजरेत का भरली? मला याचं उत्तर त्यांच्या शिक्षणात आणि त्या ज्या क्रमानं शिकत गेल्या त्यात सापडतं.

अडलेला प्रश्न

आधी प्रश्न काय होता ते पाहू, कारण तो मिल्नर यांच्या आधीपासून त्याच शहरात पडून होता.

न्यूरोसर्जन वाइल्डर पेनफिल्ड यांनी 1928 साली आपल्या सख्ख्या बहिणीवर शस्त्रक्रिया केली. तिच्या उजव्या फ्रंटल लोबमध्ये गाठ होती आणि गाठीबरोबर त्या लोबचा बराच मोठा भाग काढावा लागला. बाई सहा मुलांची आई. शस्त्रक्रियेनंतर ती बोलण्याचालण्यात ठीक होती, स्मरणशक्ती ठीक होती, माणसांशी वागणं ठीक होतं. वर्ष उलटून गेल्यावर तिनं एक साधं रात्रीचं जेवण करायचं ठरवलं: पाहुणा म्हणून भाऊ एकटा आणि घरची चार माणसं. हाताशी पूर्ण दिवस होता, मनात उत्साह होता. जेवणाची वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरातच होती. सगळं सामान ओट्यावर, एक-दोन गोष्टी शेगडीवर, सॅलड तयार नाही, मांस शिजायला टाकलेलंच नाही, आणि दिवसभर एकटीनं खटपट करून ती रडकुंडीला आलेली. पदार्थ तिला येत होते. ते एकमेकांत गुंफून ठरल्या वेळी पानात पडतील असं बघणं तिला जमेना. पेनफिल्ड यांनी 1935 साली जोसेफ इव्हान्स यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात हा प्रसंग नोंदवला आहे. आपल्या बहिणीच्या बाबतीत घडलेली गोष्ट त्यांनी वैद्यकीय नोंद म्हणून इतक्या बारकाईनं लिहून ठेवली, याबद्दल मला फार आदर वाटतो.

तरीही ही नोंद एका प्रसंगाची होती. मोजमाप करायला गेलं की चित्र पालटायचं. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब 1930 च्या दशकाच्या शेवटी पेनफिल्ड यांच्या रुग्णांच्या चाचण्या घेत होते. 1940 साली दोघांनी के. एम. या रुग्णाची हकीकत छापली. त्याच्या दोन्ही बाजूंच्या फ्रंटल लोबचा मोठा भाग काढला होता, पण शस्त्रक्रियेनंतर त्याचा बुद्ध्यांक साधारण माणसासारखाच भरला. हेब यांचं म्हणणं असं की मेंदूत राहिलेला व्रणाचा आजारी भाग जास्त नुकसान करतो, आणि तो काढून टाकला तर उरलेला मेंदू बरं काम करतो. युक्तिवाद भक्कम होता आणि त्यात तथ्यही होतं. पण त्यातून एक धोक्याचा अर्थ निघत होता: कपाळामागचा एवढा मोठा भाग नसला तरी बुद्धीचं फारसं बिघडत नाही.

काळही तसाच होता. मानसिक आजारांवर उपाय म्हणून फ्रंटल लोबचे धागे तोडायची शस्त्रक्रिया, लोबोटॉमी, अनेक देशांत सर्रास होत होती आणि तिचे प्रवर्तक एगास मोनिझ यांना 1949 साली नोबेल मिळालं. अशा वेळी ‘चाचण्यांत काही कमी दिसत नाही’ या वाक्याचं वजन किती असेल याचा विचार केला की आजही अस्वस्थ व्हायला होतं. घरचे म्हणत होते माणूस बदलला, आणि कागद म्हणत होता सगळं ठीक आहे.

मिल्नर शिकल्या कशा

ब्रेंडा लँगफर्ड यांचा जन्म 15 जुलै 1918 रोजी मँचेस्टरमध्ये झाला. वडील सॅम्युएल लँगफर्ड ‘मँचेस्टर गार्डियन’चे संगीत समीक्षक. लहानपणी तेच तिला घरी शिकवत. ती आठ वर्षांची असताना ते गेले. 1936 साली ती केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात गणित शिकायला गेली. गणितात आपण फार पुढे जाणार नाही असं लवकरच तिच्या लक्षात आलं आणि ती मानसशास्त्राकडे वळली. 1939 साली पदवी मिळाली.

गणितातून आलेली ही विद्यार्थिनी ऑलिव्हर झँगविल यांच्या हाताखाली आली, हे या प्रकरणातलं पहिलं वळण. झँगविल यांचा आग्रह असा की निरोगी मेंदू कसा चालतो हे समजून घ्यायचं असेल तर तो बिघडल्यावर काय काय अडतं ते रुग्णासमोर बसून बघावं. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत तेव्हा फ्रेडरिक बार्टलेट प्रमुख होते आणि तिथला सगळा भर माणूस एखादं काम करतो कसा, यावर होता. उत्तर बरोबर की चूक याइतकंच त्या उत्तरापर्यंत माणूस कुठल्या वाटेनं गेला हेही तिथे बघितलं जाई. पुढे पत्त्यांच्या चाचणीत मिल्नर यांनी जे केलं त्याचं बीज मला इथे दिसतं.

मग युद्ध आलं. प्रयोगशाळा युद्धाच्या कामाला जुंपली गेली. विमानदलातल्या उमेदवारांमधून लढाऊ विमानावर कोण चालेल आणि बॉम्बफेकी विमानावर कोण, हे ओळखण्याच्या चाचण्यांवर मिल्नर यांनी काम केलं. नंतर माल्व्हर्नला रडारच्या संशोधनात त्या पडद्यांवर आणि नियंत्रणाच्या दांड्या-बटणांवर काम करत होत्या: माणसाला काय दिसतं, किती पटकन कळतं, हात कुठे चुकतो. कार्यकारी नियंत्रणाच्या संशोधकाला याहून चांगली उमेदवारी कुठे मिळाली असती असं मला वाटत नाही. लक्ष इकडून तिकडे वळवणं, चुकीची सूचना मिळताच हात आवरणं, बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेणं, हे तिथे जिवावरचे प्रश्न होते.

माल्व्हर्नला भेटलेले विद्युत अभियंते पीटर मिल्नर यांच्याशी 1944 साली लग्न झालं आणि दोघं कॅनडाला गेली, कारण पीटर यांना तिथल्या अणुसंशोधनाच्या कामावर बोलावलं होतं. ब्रेंडा मिल्नर माँट्रियल विद्यापीठात फ्रेंचमधून मानसशास्त्र शिकवू लागल्या. 1947 साली हेब मॅकगिल विद्यापीठात परतले. त्यांच्या चर्चासत्रांना मिल्नर जाऊ लागल्या आणि नोकरी सांभाळून त्यांच्याकडे पीएचडीचं काम सुरू केलं. पेनफिल्ड यांनी हेबना सांगितलं होतं की तुमचा एक विद्यार्थी आमच्या रुग्णांचा अभ्यास करायला पाठवा. 1950 साली मिल्नर पेनफिल्ड यांच्या माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या आणि पुढचं सगळं आयुष्य त्याच संस्थेत राहिल्या. 1952 ची त्यांची पीएचडी टेम्पोरल लोबवर, म्हणजे कानशिलामागच्या भागावर होती.

हे वाचून बहुतेकांना लगेच त्यांचं दुसरं, जास्त प्रसिद्ध काम आठवेल. दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा आतला भाग काढल्यावर नव्या घटनांची आठवण धरू न शकणारा एच. एम. हा रुग्ण, आणि विल्यम स्कोव्हिल यांच्याबरोबरचा त्यांचा 1957 चा लेख. त्या कामानं स्मृतीचं शास्त्र बदललं. पण त्या प्रकाशझोतात पत्त्यांचं काम झाकलं जातं, आणि ते मला खटकतं. खरं म्हणजे टेम्पोरलवर काम केल्यामुळेच फ्रंटलचा अभ्यास इतका चोख झाला. तो कसा, ते पुढे येईल.

आणखी एक गोष्ट. फ्रंटल लोब काढूनही बुद्ध्यांक टिकतो असं म्हणणारे हेब हे मिल्नर यांचेच मार्गदर्शक होते. त्यांचं निरीक्षण चूक नव्हतं, बुद्ध्यांक खरोखरच टिकत होता. मिल्नर यांनी गुरूंचा आकडा तसाच मान्य केला आणि तो आकडा ज्या कामांतून येतो त्या कामांत काय नाही हे शोधलं. बुद्ध्यांकाच्या चाचणीत परीक्षक प्रत्येक वेळी काय करायचं ते सांगतो. प्रश्न त्याचा, क्रम त्याचा, थांबायचं कधी तेही तोच ठरवतो. पेनफिल्ड यांच्या बहिणीला स्वयंपाकघरात असं सांगणारं कोणी नव्हतं.

अभ्यास

पत्ते विस्कॉन्सिन विद्यापीठातून आले होते. एस्टा बर्ग आणि डेव्हिड ग्रँट यांनी 1948 साली विचारातला लवचीकपणा मोजायला ही चाचणी तयार केली, म्हणून तिचं नाव विस्कॉन्सिन कार्ड सॉर्टिंग टेस्ट. तिच्यात परीक्षक नियम सांगत नाही आणि बदलल्याचंही कळवत नाही. बुद्ध्यांकाच्या चाचणीत जे नव्हतं ते इथे होतं.

पण नुसती चाचणी चांगली असून भागत नाही. मिल्नर यांची मांडणी बघण्यासारखी आहे. मेंदूला गोळी लागलेले किंवा डोक्याला मार बसलेले रुग्ण घेतले तर नेमका कुठला भाग गेला हे त्या काळात सांगता येत नसे. माँट्रियलमध्ये मात्र शस्त्रक्रिया नियोजित असायची आणि सर्जन काढलेल्या भागाची सीमा रेखाटून ठेवायचे. मिल्नर यांनी रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा पत्ते लावायला दिले, म्हणजे माणसाची तुलना त्याच्याशीच झाली. शिवाय फ्रंटल गटासमोर त्यांनी दुसरा गट उभा केला: ज्यांचा टेम्पोरल लोब काढलाय किंवा मेंदूच्या इतर भागांवर शस्त्रक्रिया झालीय असे रुग्ण. कवटी उघडली गेली, फिट्सचा आजार होता, इस्पितळात पडून राहावं लागलं, हे सगळं दोन्ही गटांत सारखं. फरक फक्त जागेचा. टेम्पोरलच्या रुग्णांची इतकी वर्षं ओळख नसती तर असा तुलनेचा गट त्यांच्या हाताशी नसता.

निकाल असा. ज्यांच्या फ्रंटल लोबचा वरचा-बाजूचा भाग काढला होता, त्यांची कामगिरी शस्त्रक्रियेआधीच इतरांपेक्षा कमी होती आणि नंतर ती आणखी घसरली. बहुतेकांना सहापैकी एक-दोनच टप्पे कसेबसे पार करता येत. दुसऱ्या गटात शस्त्रक्रियेनं असा फरक पडला नाही. आणि डोळ्यांच्या खोबणीवरचा, तळाकडचा फ्रंटल भाग गेला होता पण वरचा-बाजूचा शाबूत होता, त्यांनाही पत्ते जमत होते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याचं महत्त्व पुढे कळेल.

मिल्नर यांनी एकूण चुका मोजून तिथेच सोडलं नाही. प्रत्येक चूक कुठल्या जातीची ते पाहिलं. एक चूक असते चाचपडण्याची: रंग चुकला म्हणून संख्या धरली, तीही चुकली. ती शिकण्याच्या वाटेवरची चूक. दुसरी चूक जुन्या नियमाला चिकटून राहण्याची. तिला मी इथे चिकट चूक म्हणते. फ्रंटलच्या रुग्णांत या चिकट चुकांचा ढीग होता. एकूण आकड्यात दोन्ही चुका एकसारख्याच दिसल्या असत्या. बार्टलेट आणि झँगविल यांच्या प्रयोगशाळेत घडलेली नजर इथे कामी आली असं मी म्हणते ते यासाठी.

आणि मग ती तोंड आणि हात यांच्यातली फारकत. नियम कुठले असू शकतात हे रुग्णाला ठाऊक आहे, आपण चुकतोय हे ऐकू येतंय, कधी कधी तो स्वतःच पत्ता ठेवताना ‘चूक’ म्हणतो. कळतं पण वळत नाही, हे आपण आळशी किंवा हट्टी माणसाबद्दल रागानं म्हणतो. इथे ते मेंदूच्या एका ठरावीक जागेचं लक्षण म्हणून समोर आलं. माहिती असणं आणि त्या माहितीनं आपल्या कृतीची दिशा बदलणं, ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं बिघडलं तरी पहिलं टिकू शकतं. एच. एम. यांचं उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचं. त्यांना काही वेळापूर्वी भेटलेला माणूस आठवत नसे, पण पत्त्यांचा नियम बदलला की ते वळण घेऊ शकत. त्यांचे फ्रंटल लोब शाबूत होते.

त्याच सुमारास मिल्नर यांनी आणखी दोन कामांत हेच पाहिलं. एका लाकडी पाटावर बोल्टच्या डोक्यांच्या रांगा, त्यांतून जाणारी एक अदृश्य वाट. रुग्णानं हातातल्या धातूच्या काडीनं एकेक बोल्ट स्पर्शून ती वाट शोधायची. वाट चुकली की खट् असा आवाज होतो. नियम एवढाच की आवाज आला की मागच्या बोल्टवर परत यायचं. फ्रंटलचे रुग्ण आवाज ऐकूनही पुढेच जात. नियम विचारला तर सांगता येई, पाळता येत नसे. दुसरं काम शब्दांचं: पाच मिनिटांत ‘एस’नं सुरू होणारे शब्द लिहा, मग चार मिनिटांत ‘सी’नं सुरू होणारे चारच अक्षरांचे. डावा फ्रंटल लोब काढलेल्यांची यादी फार तोकडी राहायची, एरवी त्यांचं बोलणं व्यवस्थित असूनही.

‘एक्झिक्युटिव्ह’ हा शब्द या सगळ्यात अजून आलेला नव्हता. तो रुळला पुढच्या दशकात. 1974 साली ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी कार्यरत स्मृतीचा, म्हणजे काम करताना माहिती तात्पुरती मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीचा, आराखडा मांडला आणि त्याच्या केंद्रस्थानी ‘सेंट्रल एक्झिक्युटिव्ह’ ठेवला. डोनाल्ड नॉर्मन आणि टिम शॅलिस यांनी सवयीच्या कृतींवर लक्ष ठेवणाऱ्या, गरज पडली की हस्तक्षेप करणाऱ्या यंत्रणेची कल्पना मांडली. दोन्ही सिद्धान्तांना रुग्णांमधला पुरावा दाखवायची वेळ आली की पत्त्यांची ही चाचणी पुढे केली जायची.

जिथे चाचणी अपुरी पडते

यश मिळालं की चाचणीचा गैरवापर सुरू होतो, आणि इथेही तो झाला. पत्ते जमले नाहीत म्हणजे फ्रंटल लोब बिघडला, असं समीकरणच काही काळ रूढ झालं. 1991 साली आयोवा विद्यापीठातल्या गटानं दाखवलं की नुसत्या या चाचणीच्या निकालावरून फ्रंटलचा रुग्ण आणि इतर भागांना इजा झालेला रुग्ण वेगळे ओळखता येत नाहीत. पार्किन्सनच्या रुग्णांनाही पत्ते अवघड जातात, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांनाही. ते स्वाभाविकच आहे, कारण नियम शोधणं, तो मनात धरून ठेवणं, ‘चूक’ या शब्दाचा अर्थ लावणं, जुनं सोडणं, नवं करून बघणं, इतकी कामं त्यात एकत्र आहेत. कुठलंही एक अडलं तरी पत्ते चुकतात.

याच्या उलटही घडतं. 1985 साली आयोवातल्याच पॉल एस्लिंजर आणि अँटोनियो डमासिओ यांनी ई. व्ही. आर. या रुग्णाचं वर्णन केलं. गाठीमुळे त्याच्या फ्रंटल लोबचा तळाकडचा भाग गेला होता. बुद्ध्यांक उत्तम, पत्त्यांची चाचणी निर्दोष, आणि तरी नोकरी गेली, धंद्यात दिवाळं निघालं, संसार मोडले. कुठल्या हॉटेलात जेवायचं हे ठरवायला त्याला तास लागायचे. ही केस मिल्नर यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणून सांगितली जाते, ते मला मान्य नाही. तळाचा भाग गेलेल्यांना पत्ते जमतात हे त्यांच्या 1963 च्या लेखातच होतं. ज्यांनी तो लेख पूर्ण न वाचता चाचणीला ‘फ्रंटलची चाचणी’ असं नाव देऊन टाकलं, त्यांच्यासाठी तो धक्का होता.

टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी 1991 साली रुग्णांना सरळ बाजारातच पाठवलं. काही वस्तू आणायच्या, काही माहिती मिळवायची, थोडे नियम पाळायचे. तीन रुग्ण होते, तिघांची बुद्धी चाचण्यांत चांगली, आणि बाजारात मात्र नियम मोडले गेले, कामं राहिली. पेनफिल्ड यांच्या बहिणीच्या स्वयंपाकघरात जे घडलं होतं, ते आता मोजता येऊ लागलं होतं.

खुद्द माँट्रियलमध्ये मायकेल पेट्राइड्स यांनी मिल्नर यांच्याबरोबर 1982 साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. पानभर चित्रं, प्रत्येक पानावर तीच चित्रं पण जागा बदललेल्या. दर पानावर वेगळ्या चित्रावर बोट ठेवायचं, क्रम तुम्हीच ठरवायचा. म्हणजे आपण आधी काय केलं याचा हिशेब स्वतःच ठेवत पुढची कृती ठरवायची. फ्रंटलच्या रुग्णांना ते जड गेलं. आणि 2001 साली त्याच संस्थेतल्या ओरी मोंची, पेट्राइड्स आणि सहकाऱ्यांनी पत्त्यांचीच चाचणी एमआरआयमध्ये करवून घेतली. ‘बरोबर’ असो की ‘चूक’, उत्तर कळताच फ्रंटल लोबचा वरचा-बाजूचा मधला भाग जागा होत होता. ‘चूक’ ऐकल्यावर मात्र त्याच्या खालचा भाग आणि मेंदूच्या आतलं कॉडेट केंद्रक एकत्र कामाला लागत होतं. पार्किन्सनमध्ये हीच आतली वर्तुळं बिघडतात. त्या रुग्णांना पत्ते का अडतात याचा धागा इथे सापडतो.

आपल्याकडची खोली

बंगळुरूच्या निमहान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेनं 2004 साली जो चाचणीसंच काढला त्यात विस्कॉन्सिनचे पत्ते आहेत, आणि आपल्याकडचे बरेच मानसतज्ज्ञ त्याच परंपरेत शिकलेले आहेत. रंग, आकार आणि संख्या ओळखायला शाळा शिकलेली असावी लागत नाही, हा या पत्त्यांचा आपल्याकडे मोठा फायदा. पण परीक्षेची सवय नसलेल्या माणसाला, काही न सांगता सारखं ‘चूक, चूक’ ऐकवणारी ही खोली फार परकी वाटते हेही तितकंच खरं. लंडनच्या हेझल नेल्सन यांनी 1976 साली चाचणीचं छोटं रूप केलं. त्यात दोन-दोन अर्थांनी जुळणारे पत्ते काढून टाकले आणि नियम बदलला की रुग्णाला तसं सांगायची सोय केली. थकलेल्या, रडवेल्या होणाऱ्या रुग्णासाठी मला ते जास्त माणुसकीचं वाटतं.

आमच्याकडे येणाऱ्यांत दुचाकीवरून पडलेले तरुण पुष्कळ. डोकं जोरात हादरलं की मेंदूचे पुढचे आणि कानशिलांकडचे भाग कवटीच्या खडबडीत हाडावर घासतात, म्हणून फ्रंटल लोबला इजा होण्याचं प्रमाण मोठं असतं. सोबत आलेली आई किंवा बायको बहुधा एकच सांगते: “सगळं कळतं हो त्याला, सांगितलं की ‘हो’ म्हणतो, पण करत नाही.” घरात त्याचा अर्थ आळस, माज, नाटकं असा लावला गेलेला असतो. बोलणी खाऊन खाऊन रुग्ण गप्प झालेला असतो. अशा वेळी मी पत्त्यांचा कागद त्यांच्यासमोर ठेवून चुकांची रांग दाखवते. इथे नियम बदलला, इथून पुढे हा सारखा जुन्याच जागी जातोय, आणि या ओळीपाशी तो स्वतः म्हणाला की आता रंग नसेल. आकड्यापेक्षा ती ओळ बघून घरच्यांचा सूर बदलतो.

म्हणूनच अहवालात नुसतं ‘दोन टप्पे पूर्ण, कामगिरी कमी’ असं लिहिलेलं असलं तर ते अर्धवट आहे असं मी मानते. चिकट चुका किती, चाचपडण्याच्या किती, रुग्ण त्या वेळी काय बोलत होता, झोप झाली होती का, औषधं कुठली चालू होती, हे त्यात असायला हवं. तुमच्या घरच्या कुणाची ही चाचणी झाली असेल तर हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, बेधडक विचारा. आणि घरात तो माणूस नेमका कुठे अडतो ते तुम्ही लिहून आणा: काम सुरू करताना, मध्येच काही बदललं की, की दोन कामं एकत्र आली की. ई. व्ही. आर.सारख्या रुग्णाचं दुखणं त्या तुमच्या कागदावरच सापडेल, आमच्या पत्त्यांत येणार नाही.

उपाय काय, हे पुढचं विचारणं असतंच. गेलेला भाग परत येत नाही. पण पेनफिल्ड यांनी बहिणीबद्दल लिहिलं आहे की मदत मिळताच त्या जेवणाची तयारी पटकन उरकली आणि बेत छान पार पडला, आणि आजचं पुनर्वसनही बरंचसं याच वाटेनं जातं. एका वेळी एक काम, पायऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात, फोनवर गजर, आणि बेत बदलला की तो बदल मोठ्यानं सांगणं: “आता हे थांबवायचं, आता ते सुरू करायचं.” पहिले काही आठवडे हे सांगणारं माणूस शेजारी लागतं. पुढे कागद आणि गजर त्यातलं थोडं काम उचलतात, काही घरांत जास्त, काही घरांत कमी.